अल्फा ०.९४ आला, तरी वैधता दाखवावी लागते

प्रश्न : मी एम.एड. करते. आठवीच्या मुलांमधली गणिताची भीती मोजायला ४० विधानांची प्रश्नावली तयार केली. क्रॉनबाख अल्फा ०.९४ आला. मार्गदर्शक म्हणतात, वैधतेचा पुरावा जोडा. एवढा अल्फा पुरेसा नाही का?

उत्तर : नाही. अल्फावरून विधानांचा आपापसातला मेळ कळतो. ती नेमकं काय मोजतात, ते कळत नाही, आणि जे मोजायचं तेच मोजलं जाणं म्हणजे वैधता. शिवाय विधानं वाढवली की अल्फाही चढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात, त्याचं −१ ते १ मधलं माप) अवघा ०.३ असला, तरी १० विधानांना ०.८१ मिळतो आणि ४० विधानांना ०.९४. तुमचा आकडा निव्वळ लांबीचाही असू शकतो.

सुरुवात आशय वैधतेपासून, म्हणजे विधानं भीतीचे सगळे पैलू टिपतात का, ते पाहण्यापासून करा. परीक्षेची धास्ती, फळ्यावर बोलावल्यावर होणारी घालमेल, गृहपाठाची टाळाटाळ असे भीतीचे पैलू लिहून काढा आणि कोणतं विधान कुठल्या पैलूचं ते ठरवा. मग १० तज्ज्ञांना स्वतंत्रपणे प्रत्येक विधान आवश्यक, उपयुक्त की अनावश्यक ते विचारा. लॉशे यांचं १९७५चं सूत्र सोपं आहे : ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि त्या निम्म्या संख्येनेच भागा. नऊ जणांनी होकार दिला तर ०.८, आठ जणांनी दिला तर ०.६. दहा तज्ज्ञांसाठी किमान ०.६२ लागतात, म्हणजे आठ होकारही कमी पडतात. सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन प्रबंधात ‘तज्ज्ञांकडून तपासून घेतले’ एवढंच लिहिण्याची पद्धत फार रुळली आहे. तो पुरावा नव्हे.

त्यानंतर सात-आठ मुलांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘मला गणिताची भीती वाटत नाही’ या विधानापुढे मूल ‘कधीच नाही’वर खूण करतं आणि त्याला म्हणायचं असतं, ‘मी कधीच घाबरत नाही’. गुण मात्र नेमके उलटे पडतात. अशी नकारार्थी विधानं सरळ करा.

शेवटी प्रश्नावलीतून मिळणाऱ्या गुणांची पडताळणी. त्यांचा गणिताच्या परीक्षेतल्या गुणांशी सहसंबंध ऋण (एक वाढलं की दुसरं कमी) आणि मध्यम असावा. तो −०.९च्या घरात गेला, तर भीतीऐवजी ‘मला गणित येत नाही’ हेच मोजलं जातंय का ते पाहा. विधानं गाळली किंवा बदलली, तर नव्या मुलांवर अल्फा पुन्हा काढा, जुना ०.९४ त्या प्रश्नावलीला लागू होत नाही.