एच६ कशासाठी खेळलात?

तुम्ही पाठवलेला, काळ्या बाजूने हरलेला बुद्धिबळाचा डाव पटावर मांडून दोनदा खेळून पाहिला. (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरचं घर; प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची खेळी, मग तुमची; मोहऱ्याचं नाव नसेल तर प्यादं.) ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ एच६, आणि पाचव्या खेळीला पांढऱ्याच्या घोड्याने ई५ चं प्यादं मारलं. तुम्ही उंटाने वजीर उचललात. मग उंट एफ७ वर शह, राजा ई७, घोडा डी५, मात. सात खेळ्यांत कारभार आटोपला. आता तुम्ही विचारताय की फुकटात मिळणारा वजीर घ्यायचा मोह कसा आवरायचा, की ही ओपनिंगच, म्हणजे डावाची ही सुरुवातच, सोडून द्यायची.

ओपनिंग सोडू नका. या मातेला लेगालची मात म्हणतात. लेगाल (१७०२–१७९२) हा फ्रेंच खेळाडू, अठराव्या शतकातल्या नामांकित फ्रेंच खेळाडू फिलिडोरचा गुरू. आणि दुसऱ्या खेळीत डी६ खेळून तुम्ही जो बचाव घेतलात त्याला नाव आहे फिलिडोरचं. म्हणजे गुरूने शिष्याच्या बचावातच मात ठेवली म्हणायची! तेव्हापासून किती जण यात सापडले असतील याची गणती नाही, मीही त्यातलाच.

आता मुद्द्याचं. समजा तुम्ही वजिराला हात लावला नसता आणि डी६ च्या प्याद्याने ई५ वरचा घोडा मारला असता. पांढरा वजिराने तुमचा जी४ चा उंट मारतो. उंटाला घोडा फिटला, पण पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. पाचव्या खेळीला तुमच्या हातात याहून चांगलं काही नव्हतं. वजीर घेऊन डाव गेला हे खरं, पण प्यादं त्याआधीच गेलं होतं, एच६ खेळलात तेव्हा.

एच६ का, तर तुम्हीच लिहिलंय, ‘घोडा जी५ ला येऊ नये म्हणून.’ पण तुमचा उंट जी४ वर असताना तो घोडा आलाच असता तर? तुम्ही बिनधास्त वजीर मारायचा. उंट एफ७ शह, राजा ई७, घोडा डी५ शह, राजा डी७ आणि सुटलात. तुमच्या डावात हे डी७ घर ई५ च्या घोड्याने अडवलं होतं, जी५ वरून ते अडत नाही. म्हणजे ज्या खेळीला घाबरून एच६ केलंत ती खेळी पांढऱ्याला वजीर गमावल्याशिवाय करताच आली नसती. नवशिक्यांच्या डावांत एच६ आणि ए६ या दोन खेळ्या मला सगळ्यात जास्त दिसतात, आणि दहापैकी नऊ वेळा त्यामागे धोका नसतो, नुसती धास्ती असते.

चौथ्या खेळीनंतर पट थांबवून मोहरी मोजा. पांढऱ्याची तीन बाहेर: दोन घोडे, एक उंट. तुमचं एक, तेही जी४ वर एकटं, पाठीशी कोणी नाही. सगळी गोम इथेच आहे. त्या उंटाला कोण राखतंय? एच६ ऐवजी घोडा सी६ केला असता, तर पांढऱ्याने ई५ मारल्यावर तुमचा घोडा त्याला मारतो, ई५ वर बसून जी४ चा उंट राखतो आणि वर सी४ च्या उंटावर डोळा ठेवतो. पांढरा प्यादं घेऊन मोहरं गमावून बसतो. घोडा एफ६ केला तरी जी४ राखलं जातं. शिवाय एफ३ चा घोडा वजिरापुढे पिन झालेला होता, म्हणजे तो हलला की मागचा वजीर उघडा पडणार होता; राजापुढे पिन नव्हता. असा घोडा हलू शकतो, फक्त हलवणाऱ्याने किंमत मोजायची तयारी ठेवलेली असते.

मी ही मात शिकलो तेव्हा महिनाभर पांढऱ्याने दुसरं काही खेळत नव्हतो. एकदा समोरच्याचा घोडा सी६ वर होता. मी तिकडे पाहिलंच नाही, ऐटीत ई५ मारलं आणि तो वजीर कधी उचलतोय याची वाट बघत बसलो. त्याने शांतपणे घोड्याने घोडा मारला. म्हणून सापळे पाठ करा असं मी कोणाला सांगत नाही. पाठ केलेल्या माणसाला पटावर सापळाच दिसतो, पट दिसत नाही.

बरं, घोडा सी६ केला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. पांढरा एच३ करून उंटाला हुसकावतो. उंट एच५ ला मागे गेला की पुन्हा तेच: ई५ ची मारामारी, पांढरा वजीर एच५ चा उंट उचलतो, तुमचा घोडा सी४ चा उंट मारतो, आणि वजीर बी५ वरून शह देत तो घोडाही घेतो. हिशेब केलात तर पुन्हा एक प्यादं कमी. म्हणून एच३ झालं की उंटाने एफ३ चा घोडा मारून मोकळं व्हा. तिसऱ्या खेळीत उंट जी४ ला काढायची घाई नको, आधी घोडे काढा असं सांगतात ते यामुळेच. उंट कुठे लागेल ते पुढे ठरवता येतं, घोड्याचं घर बहुतेक वेळा ठरलेलं असतं.

इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, लावायची घाई करू नका. ते सगळ्यात मोठी लाल खूण वजीर घेतलात तिथे करणार आणि तुम्ही तेवढंच बघून पुढे जाणार. त्याआधी कागदावर खेळ्या लिहा आणि प्रत्येक खेळीपुढे त्या वेळी मनात काय होतं ते दोन शब्दांत. ‘घोडा येईल म्हणून’ हे तुम्ही लिहिलं नसतंत तर मलाही चौथी खेळी पकडता आली नसती. पुढचे दोन-तीन डाव हरलात की असेच लिहून पाठवा. एच६ किंवा ए६ पुन्हा दिसलं तर त्यापुढे कारण हवंच.