‘मी तक्रार केली, तर त्यांचीही तक्रार खरी ठरेल ना?’

मुलुंडच्या एका सहकारी सोसायटीत राहणाऱ्या शिक्षिकेने हा प्रश्न विचारला. ऑनलाइन लिहिण्यावरून अडचणीत आलेली माणसं आमच्याकडे कायदेविषयक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी मनातला घोर बहुधा हाच असतो. म्हणून बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्यांची केस इथे मांडली आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेत दुरुस्ती फंडातून १८ लाख रुपये खर्च झाल्याचं सांगण्यात आलं. बाईंनी कोटेशनं मागितली, ती मिळाली नाहीत. त्या रात्री त्यांनी परिसरातल्या फेसबुक ग्रुपवर तीन वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या ओळखीतल्या कुणा ‘वकिला’चा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, की पोस्ट काढा, नाहीतर ६६ ए लावून आत टाकू. मग पोलीस ठाण्यातून हवालदारांचा फोन: ‘मॅडम, जरा येऊन जा.’ आणि चार दिवसांनी इन्स्टाग्रामवर बाईंच्याच नावाचं, त्यांचाच फोटो लावलेलं एक खातं उघडलं गेलं. त्यात त्यांचा मोबाइल नंबर आणि त्याखाली किळसवाणा मजकूर. रात्री एक-दोन वाजता अनोळखी पुरुषांचे फोन सुरू झाले.

बाई शाळेच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या, सोसायटीच्या ग्रुपमधूनही बाहेर पडल्या. बनावट खात्याची तक्रार मात्र त्यांनी केली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की सायबर कायदा बोलणाऱ्यांचा गळा दाबतो असं मीच आजवर म्हणत आले, आता मीच त्या कायद्याकडे धाव घेतली तर कमिटीनेही माझ्यावर तोच कायदा लावावा असं कबूल केल्यासारखं होईल.

या विचारात एक गाठ आहे आणि ती आधी सोडवावी लागते. ‘सायबर कायदा’ म्हणून जे एकच गाठोडं आपण धरतो, त्यात दोन तऱ्हेची कलमं आहेत. काही कलमं कृतीचं नाव घेतात: दुसऱ्याची ओळख चोरणं, दुसरा असल्याचं भासवून फसवणं, एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्र परवानगीशिवाय पसरवणं. काही कलमं मात्र ऐकणाऱ्याला काय वाटलं यावर उभी राहतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेलं ६६ ए हे दुसऱ्या तऱ्हेचं सर्वांत वाईट उदाहरण. ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अपमान’ होईल असा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, कुणी मोजायचा, याचा पत्ता नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीने पोस्ट फक्त लाइक केली होती. त्यानंतर हे कलम सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण रद्द झालं. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर मर्यादा घालण्याची आठ कारणं दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. कुणाला वाईट वाटणं हे त्यात कुठेच नाही.

म्हणजे त्या मेसेजमधलं कलम दहा वर्षांपूर्वीच मेलेलं होतं. तरी अशा धमक्या चालतात, आणि केवळ गल्लीतल्या वकिलांकडूनच नाही. रद्द झाल्यावरही देशभर ६६ ए खाली गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढून सांगावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही. तुम्हाला कुणी ६६ ए चं नाव घेऊन घाबरवलं, तर तो मेसेज तारखेसह जपून ठेवा, उत्तर देऊ नका.

मग बाईंची पोस्ट वाक्य-वाक्य करून वाचली. ही पायरी कुणीच गाळू नये, कारण संपूर्ण पोस्ट बरोबर किंवा संपूर्ण पोस्ट चूक असं सहसा नसतं.

पहिलं वाक्य: ‘दुरुस्ती फंडातून १८ लाख गेले, कोटेशनं कुठे आहेत?’ हा प्रश्न आहे, रक्कम सभेच्या इतिवृत्तात आहे. याला हात लावायची गरज नाही.

दुसरं: ‘कमिटीने पैसे खाल्ले.’ हे घडलेली गोष्ट म्हणून केलेलं विधान आहे, आणि त्यावर बदनामीचा दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. ‘पण खरं आहे ना!’ असं बाई म्हणाल्या. या कलमात नुसतं खरं असून भागत नाही. ते खरं आहे आणि ते सांगणं लोकहिताचं आहे, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. बाईंकडे कोटेशनं मिळाली नाहीत याचा पुरावा होता, पैसे खाल्ल्याचा नव्हता.

तिसरं: ‘अशा चोरांना रस्त्यावर धरून धुतलं पाहिजे.’ खरा धोका इथे होता, आणि बाईंना ते वाक्य लिहिल्याचं आठवतही नव्हतं. श्रेया सिंघलच्या निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे केले आहेत. पहिले दोन कितीही कडवट असले तरी चालतात, तिसऱ्यापाशी कायदा उभा राहतो. रागाच्या भरातलं हे वाक्य कुठलं न्यायालय चिथावणी म्हणून धरेलच असं नाही. पण समोरच्याला पोलिसांपुढे बोट ठेवायला नेमकं हेच वाक्य मिळतं.

पोस्ट उडवून टाकायची का? लगेच नाही. आधी पूर्ण पोस्ट, तिची लिंक, तारीख-वेळ आणि खालच्या कमेंट यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचे, मग दुरुस्ती करायची. फेसबुकवर दुरुस्तीचा इतिहास दिसतो, त्यामुळे लपवाछपवी केली असं कुणी म्हणू शकत नाही. एकदा पोलिसांची लेखी नोटीस आली, की मात्र मजकूर काढण्याआधी वकिलाला विचारा. पुरावा ठरू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. नुसती भीती वाटली म्हणून फोन फॉरमॅट करणारी माणसं या कलमात विनाकारण अडकतात.

बाईंनी दुसरं वाक्य बदलून ‘खर्चाचे कागद मागूनही मिळालेले नाहीत’ असं केलं, तिसरं काढलं. पैशांचा आरोप त्यांनी सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या टी वॉर्डच्या उपनिबंधक कार्यालयात लेखी दिला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सभासदाला संस्थेचे कागद पाहण्याचा हक्क देतो. शिवाय योग्य अधिकाऱ्याकडे सद्‍भावनेने केलेली तक्रार ही बदनामीच्या कलमातच अपवाद म्हणून दिलेली आहे. तोच आरोप फेसबुकवर जोखमीचा आणि उपनिबंधकांच्या टेबलावर सुरक्षित.

हवालदारांच्या फोनचं काय? बदनामी हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, अटक तर दूरच. आणि दंडाधिकाऱ्यांनाही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यामुळे फोनवर शांतपणे चार गोष्टी विचारायच्या: आपलं नाव आणि हुद्दा, पोलीस ठाणं, तक्रारीचा नंबर, कुठलं कलम. दखलपात्र गुन्हा असेल आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, तर एरवी त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. मात्र रीतसर नोटीस आली तर हजर राहायचंच. टाळाटाळ केली तर अटकेला कारण मिळतं. बाईंनी नंबर विचारला तेव्हा कळलं, की फक्त अर्ज आला होता, नोंद काहीच नव्हती.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग घाबरायचं कारणच उरलं नाही. तसं नाही. ६६ ए गेलं तरी न्याय संहितेत १९६, २९९, ३५३ ही तेढ, धार्मिक भावना आणि अफवांची कलमं आहेत, आणि पोस्टवरून लोकांना उचललं जातं ते बहुतेक याच वाटेने. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने एक पोस्ट शेअर केली, काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरून तिची सुटका केली, तोवर तिचे अडीच आठवडे गेले होते आणि परीक्षेचे पेपर बुडाले होते. निकाल आपल्या बाजूने लागूनही असं होतं. कलमाखाली शिक्षा होते की नाही यापेक्षा अटकेनेच माणूस शिक्षा भोगून बसतो, आणि बघणारे शंभरजण लिहायचं थांबतात. कायद्याबद्दलची आमची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

न्यायालयांनी याला काही बांध घातले आहेत, ते माहीत असावेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर ३७० कलमाविषयीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला. मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरून जामनगरला नोंदलेल्या गुन्ह्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की शब्दांवरून गुन्हा नोंदवायचा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांमधली असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करणं योग्य. आणि शब्दांचा परिणाम हळव्या, सगळीकडे धोका दिसणाऱ्या माणसाच्या नजरेतून नव्हे, तर समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून पाहायचा. ही कसोटी मूळची आपल्या जुन्या नागपूर उच्च न्यायालयाची. गुन्हा नोंदला जाईल अशी शक्यता दिसली, तर वकिलामार्फत लेखी अर्ज देऊन या चौकशीची मागणी करता येते.

आता ते बनावट खातं. बाईंना सर्वांत आधी हे सांगावं लागलं, की त्या खात्यात मत नाहीच. तिथे कुणीतरी तुमचं नाव, चेहरा आणि नंबर पळवून तुम्हाला गप्प बसवायचा प्रयत्न करतो आहे, आणि तुम्ही दोन ग्रुप सोडलेत म्हणजे तो साधलाही आहे. त्या खात्याविरुद्धची तक्रार तुमच्या बोलण्याच्या हक्काच्या बाजूची आहे. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘फॉर्म कुठे भरायचा?’

या कामात क्रम चुकला की पुरावा जातो. बहुतेक जण आधी रिपोर्ट करतात, मित्रमंडळींनाही करायला लावतात, खातं उडतं आणि हातात काही उरत नाही. आधी खात्याची पूर्ण लिंक कॉपी करा. नुसतं नाव पुरत नाही, ते बदलता येतं. प्रोफाइल आणि प्रत्येक पोस्टचे स्क्रीनशॉट घ्या, शक्यतो संगणकावर, म्हणजे पत्ता आणि तारीख चित्रात येतात. अनोळखी फोनची कॉल लिस्ट जपा. ज्या फोनवर किंवा संगणकावर हे घेतलं तो विकू नका, कारण न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या विभागात तक्रार करा. तिथे नाव न देण्याचीही सोय आहे, पण ती निवडली तर पुढे पाठपुरावा करता येत नाही. बाईंनी नाव देऊन केली. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीत पैसे लगेच अडवण्यासाठी आहे. अशा प्रकरणात त्यावर विसंबून राहू नये.

तक्रारीची प्रत घेऊन त्या जवळच्याच पोलीस ठाण्यात गेल्या. ‘सायबर म्हणजे बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायबर पोलीस ठाण्यात) जा’ हे उत्तर अनेकांना मिळतं. हद्दीचं कारण सांगून नोंद नाकारता येत नाही, आणि तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा एवढीच कायद्याची अट आहे. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी (ओळख चोरणं), ६६ डी (दुसरा असल्याचं भासवून फसवणं), मजकूर अश्लील असल्यामुळे ६७, आणि स्त्रीचा अवमान म्हणून न्याय संहितेचं ७९ अशी कलमं सुचवली होती. त्यानंतर इन्स्टाग्रामकडे रिपोर्ट. आपल्या नावाने कुणी वावरत असेल तर पीडित व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी तक्रार करायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या समाजमाध्यम कंपन्यांसाठीच्या २०२१ च्या मूळ नियमांत अशा तक्रारीवर कारवाईसाठी २४ तासांची मुदत होती. खातं दुसऱ्या दिवशी गेलं.

ते कुणी उघडलं हे त्यानंतर पोलिसांनी कंपनीकडून मिळवायचं असतं, आणि इथे घाई लागते. काढलेला मजकूर आणि खात्याची नोंद कंपनीने १८० दिवस जपायची, असं तेच नियम सांगतात. अर्ज टेबलावर पडून राहिला आणि मुदत उलटली, तर आयपी पत्ता मिळण्याची आशा मावळते. म्हणून बाईंनी दर पंधरा दिवसांनी तपास अधिकाऱ्यांना लेखी स्मरणपत्र द्यायचं आणि पोच घ्यायची असं ठरलं. संशय कमिटीवर होता, पण अर्जात कुणाचंही नाव घातलं नाही. पुराव्याशिवाय नाव घातलं असतं, तर दुसऱ्या वाक्याचीच चूक पुन्हा झाली असती.

शेवटच्या भेटीत बाईंचा नवा प्रश्न होता. उपनिबंधकांकडे सुनावणी लागली आहे, वीसेक सभासद बरोबर आहेत, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा आहे. पण कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर ॲडमिन म्हणून मीच अडकेन का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून बेत असल्याचं दिसलं तरच ते होईल. तरी धमकी किंवा कुणाच्या घरच्या बायकांवरचा मजकूर आला, तर तो ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायचा अधिकार ॲडमिनला असतो, तो वापरावा; आधी स्क्रीनशॉट घेऊन. बाईंनी ग्रुप काढला आणि पहिल्याच दिवशी त्यात कागदपत्रांच्या मागणीच्या अर्जाचा फोटो टाकला.