फॉर्ममध्ये असं काही विचारतात का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोपरखैरण्याहून लिहिताय, मुलगा वाशीला टीवायबीएससी आयटीला, दिवाळीत त्याने फक्त तुम्हाला सांगितलं की तो गे आहे, बाबांना अजून माहीत नाही आणि त्यांचं एकच, एमपीएससी दे. तुमचा प्रश्न असा की सरकारी नोकरीत हे कळलं तर काढून टाकतील का, नाहीतर कर्ज काढून परदेशात पाठवू का.

फॉर्ममध्ये असा कॉलम नसतो हो. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये गुन्हे बघतात आणि हा आता गुन्हाच नाहीये, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना ३७७ कलमातून बाहेर काढलं. तरी कुणी काढलंच तर? यूपीत एका होमगार्डला याच कारणावरून काढलेलं, २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्याला परत कामावर घ्यायला लावलं. सरकारच मालक असलं की संविधानातल्या समानतेवर बोट ठेवून थेट कोर्टात जाता येतं, हा सरकारी नोकरीचा फायदा. सैन्याचं वेगळं, तिथे त्यांचे स्वतःचे कायदे, पण तो तुमचा विषय नाही.

खरी गोम प्रायव्हेटमध्ये आहे. ट्रान्सजेंडर लोकांसाठी २०१९ चा कायदा आहे, नोकरीत भेदभाव नको, तक्रार ऐकायला ऑफिसर नेमा, हे प्रायव्हेट कंपनीलाही लागू, पण गे मुलासाठी असा वेगळा कायदा अजून नाही. म्हणजे ऐरोलीच्या माइंडस्पेसमधून ऑफर येऊ दे नाहीतर वागळे इस्टेटमधून, पगाराच्या आकड्याआधी एचआर पॉलिसी मागून वाचायची, त्यात ‘सेक्शुअल ओरिएंटेशन’ हे शब्द लिहिलेत का, तक्रार कुणाकडे करायची ते नाव-पद आहे का, आणि मेडिक्लेममध्ये नुसतं ‘स्पाउस’ आहे की ‘पार्टनर’ पण आहे, कारण अशा लग्नाला मान्यता द्यायला सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये नकार दिलाय, त्यामुळे ‘स्पाउस’ लिहिलं की त्याचा जोडीदार बाहेर. जूनमध्ये, म्हणजे समलिंगी-ट्रान्सजेंडर लोकांच्या ‘प्राइड’ महिन्यात, कंपन्या लोगो रंगीबेरंगी करतात त्याच्यावर जाऊ नका, मी तरी जात नाही.

परदेशात शिकायचं तर शिकायला जावं, पळून जायला वीस-तीस लाखांचं कर्ज नको.

आणि पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलंय की ट्रीटमेंटने बदलतं का. नाही बदलत, हा आजारच नाही. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी अशी ट्रीटमेंट म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, तेव्हा कुणी बदलून देतो म्हणाला तर तिथून उठून या.

बाबांना कधी सांगायचं ते मुलालाच ठरवू दे, तुम्ही मध्ये बोलून टाकू नका. आणि पुढचं पत्र त्याच्याकडून लिहून घ्या ताई, कारण दोन पानी पत्रात बाबांना काय हवंय ते आहे, तुम्हाला कसली भीती वाटते ते आहे, त्याला काय करायचंय ते कुठेच सापडलं नाही मला.