वाचकांचे प्रश्न : वॉर्डातला मोबाईल आणि वैद्यकीय संदर्भ ॲप

प्रश्न : मी एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला असून वॉर्डातील पोस्टिंग नियमित सुरू आहेत. माझ्या मोबाईलवर औषधांची आणि आजारांची माहिती देणारी अनेक ॲप आहेत. एकाच औषधाची मात्रा दोन ॲपवर वेगवेगळी दिसते, आणि केसपेपरवर लिहिलेली काही औषधे तर कुठेच सापडत नाहीत. नेमकी कोणती ॲप ठेवावीत आणि मतभेद झाल्यास कोणाचे खरे मानावे?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ॲप उघडण्यापूर्वी एक गोष्ट पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ते ॲप कोणत्या देशातील डॉक्टरांसाठी लिहिलेले आहे, हे पाहावे. मेडस्केप आणि इपोक्रेट्स ही ॲप मुख्यतः अमेरिकेतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली आहेत, तर ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी ब्रिटनमधील. त्यांचा दर्जा उत्तम आहे, याबद्दल शंका नाही. परंतु तिथला रुग्ण, तिथली औषधे आणि तिथला कायदा गृहीत धरूनच तो मजकूर लिहिला जातो.

विंचूदंशाचेच उदाहरण घ्या. अमेरिकी वाचकासाठी लिहिलेल्या मजकुरात साहजिकच तिथल्या वाळवंटी प्रदेशातील विंचवाला अग्रस्थान असते. त्याच्या विषाचा परिणाम प्रामुख्याने मज्जासंस्थेवर होतो आणि त्यावरचे प्रतिविषही वेगळे आहे. आपल्या कोकणातील लाल विंचवाचे विष शरीरात कॅटेकोलामाइन्सचा, म्हणजे ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा, पूर आणते, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साठून रुग्ण दगावू शकतो. या अवस्थेत प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांपेक्षा लवकर सावरले, असे आढळले. हे ज्ञान रायगड जिल्ह्यातल्या रुग्णांच्या खाटेजवळ तयार झाले आहे, आणि परदेशी ॲपमध्ये ते फार तर तळाच्या एखाद्या परिच्छेदात सापडेल. सर्पदंशाचेही तसेच आहे. आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. अमेरिकी पानावरील प्रतिविषे आपल्या रुग्णालयात नसतात आणि त्यांच्या मात्रेचा हिशेबही आपल्या कुप्यांना लागू पडत नाही.

केसपेपरवरचे औषध ॲपवर न सापडण्याचे कारणही बहुधा हेच असते. निमेसुलाइड हे ताप-वेदनेवरचे औषध आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, आणि १२ वर्षांखालील मुलांना ते देण्यावर भारतात २०११ साली बंदी आली, हे तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेत या औषधाला कधीच परवानगी मिळाली नाही. त्यामुळे तिथल्या औषधसूचीत त्याचा शोध घेतला तर काहीच मिळत नाही, किंवा दोन औषधांचा परस्परपरिणाम तपासणारा भाग त्याच्याबद्दल गप्प बसतो. इथे विद्यार्थी हमखास फसतात. ‘परस्परपरिणाम आढळला नाही’ आणि ‘हे औषध आमच्या यादीतच नाही’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण घाईत असलेल्या माणसाला दोन्हींचा अर्थ ‘सुरक्षित’ असाच वाटतो. आपल्याकडील एकत्रित गोळ्यांच्या बाबतीत ही अडचण अधिकच मोठी होते, कारण एका ब्रँडच्या नावाखाली दोन-तीन घटक दडलेले असतात. म्हणून ॲपमध्ये ब्रँडचे नाव कधीच टाकू नये. वेष्टन हातात घेऊन त्यावरील मूळ घटक वाचावेत आणि प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासावा. पॅरासिटामॉल अमेरिकी ॲपमध्ये असिटामिनोफेन या नावाने, तर साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल या नावाने दिलेले असते, हेही लक्षात असू द्यावे.

दोन ॲपमधील मतभेदाबद्दल बोलायचे, तर बहुतेक वेळा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात; ती वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एकाने दिवसभराची एकूण मात्रा दिलेली असते, दुसऱ्याने प्रत्येक वेळची. एकाने औषध-नियंत्रकाने मान्य केलेली मात्रा दिलेली असते, दुसऱ्याने एखाद्या तज्ज्ञ संघटनेने सुचवलेली. पुष्कळदा फरक निव्वळ तारखेचा असतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन कधी थांबवावे, याचा निर्णय पूर्वी रक्तातील क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या घटकाच्या) आकड्यावरून घेतला जाई. २०१६ साली अमेरिकी औषध-नियंत्रकाने तो निकष बदलून मूत्रपिंडाची अंदाजित गाळणक्षमता (मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळले जाते) हा आधार मानला : ३०च्या खाली औषध द्यायचे नाही, आणि ३० ते ४५च्या दरम्यान नव्याने सुरू करायचे नाही. जुनी आवृत्ती असलेले ॲप तुम्हाला अजूनही क्रिएटिनिनच सांगेल. त्यामुळे पानाच्या तळाशी दिलेली अद्ययावत केल्याची तारीख पाहिल्याशिवाय तो मजकूर वॉर्डात वापरू नये, आणि तारीखच नसेल तर ते ॲप मोबाईलवर ठेवूही नये.

आता कोणती ठेवावीत हे सांगतो. हे माझे मत आहे, आणि तुमच्या युनिटच्या सरांचे किंवा मॅडमचे मत वेगळे असू शकते. उपचारासाठी पहिला आधार भारतीय असावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने निरनिराळ्या आजारांसाठी एकेका पानाचे उपचार-आराखडे तयार केले असून ते मोबाईलवरही मोफत मिळतात. कोणत्या लक्षणाला घाबरायचे, कोणती तपासणी आधी करायची आणि रुग्णाला पुढच्या रुग्णालयात केव्हा पाठवायचे, हे त्यांत आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या पायऱ्या लक्षात घेऊन मांडलेले आहे. क्षयरोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाची मार्गदर्शिकाच प्रमाण मानावी, कारण आपल्या गोळ्या वजनाच्या गटांनुसार ठरलेल्या एकत्रित मात्रेत येतात. औषधांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाची नॅशनल फॉर्म्युलरी, जिची सहावी आवृत्ती २०२१ची आहे, ग्रंथालयात मागून पाहावी. आजार समजून घेण्यासाठी एम.एस.डी. मॅन्युअलचे व्यावसायिकांसाठीचे मोफत ॲप मला सर्वांत अधिक आवडते. हा ग्रंथ १८९९ सालापासून निघतो आहे, त्यातील मांडणी विद्यार्थ्याला पेलणारी आहे आणि एकदा उतरवून घेतले की ते नेटवर्कशिवाय चालते. परस्परपरिणाम तपासायला मेडस्केप पुरेसे आहे. अपटूडेट हे सशुल्क संदर्भ ॲप उत्कृष्ट असले तरी महाग आहे. तुमच्या संस्थेने वर्गणी भरली असेल तरच त्याचा विचार करावा. बाकीची ॲप काढून टाकलीत तर काही बिघडणार नाही.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात इंटर्न आहे. इथे रेंज जेमतेम मिळते आणि रात्री मार्गदर्शन करायला वरिष्ठ जवळ असतातच असे नाही. मात्रा काढण्यासाठी मी मोबाईलवरील गणकयंत्रांवर अवलंबून असतो. ती कितपत भरवशाची आहेत?
— एक इंटर्न, नंदुरबार

उत्तर : गणित ती चुकत नाहीत, चूक होते ती आपण त्यांना काय विचारतो यात. २००५ साली सुरू झालेले एमडीकॅल्क त्यातल्या त्यात चांगले आहे, कारण प्रत्येक सूत्राखाली ते कोणासाठी वापरावे आणि कोणासाठी वापरू नये, हे दिलेले असते. दुर्दैवाने तो भाग कोणी वाचत नाही.

तुमच्या भागात नेहमी दिसणारी परिस्थिती घेऊ. ७० वर्षांची, ३५ किलो वजनाची, अंगावर मांस नसलेली स्त्री दाखल झाली आहे आणि तिचे क्रिएटिनिन ०.८ आले आहे. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा आकडा अगदी नॉर्मल आहे. गाळणक्षमता काढणाऱ्या सीकेडी-ईपीआय या २०२१च्या सूत्रात तो टाकला, तर गाळणक्षमता सुमारे ७९ येते आणि तुम्ही निश्चिंत होऊन मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या अमिकासिन या प्रतिजैविकाची पूर्ण मात्रा लिहाल. तोच आकडा कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६च्या सूत्रात टाका. उत्तर साधारण ३६ येईल. हा फरक पडतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि जिला स्नायूच उरलेले नाहीत तिचे क्रिएटिनिन मूत्रपिंड थकलेले असतानाही वाढत नाही. शिवाय पहिल्या सूत्राचे उत्तर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या प्रमाण शरीरासाठी काढलेले असते, आणि या आजींचे शरीर त्याहून पुष्कळ लहान आहे. दुसरे सूत्रही निर्दोष नाही, पण ते निदान वजन तरी विचारते. ज्या औषधांची सुरक्षित आणि घातक मात्रा एकमेकींच्या जवळ असते, त्यांच्यासाठी दोन्ही सूत्रांनी उत्तर काढावे आणि इतका फरक दिसला तर वरिष्ठांना फोन करावा. रात्री दोन वाजता फोन केल्याबद्दल रागावणारे वरिष्ठ भेटतातही, तरीही करावा.

लहान मुलांच्या बाबतीत धोका वेगळ्या ठिकाणी आहे. १० किलोच्या बाळाला तापासाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यायचे, इथपर्यंत सारे सोपे आहे. पण अमेरिकी ॲप पुढे जाऊन ‘सुमारे ५ मिली’ असेही सांगते, कारण तिथले मुलांचे द्रावण ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असेच मिळते. आपल्याकडे ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे सिरप आहे, २५० मिलिग्रॅमचे आहे आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्सही आहेत. त्या ड्रॉप्समधून ५ मिली गेले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून अधिक औषध गेले. म्हणून ॲपकडून केवळ मिलिग्रॅम घ्यावेत. मिली काढण्याचे काम बाटली हातात धरून, तिच्यावरील आकडा वाचून, कागदावर करावे आणि ते सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवावे. ब्रिटिश ॲप वापरत असाल तर तिथली एककेही निराळी असतात : साखरेच्या मिलिमोलला १८ने गुणावे, क्रिएटिनिनच्या मायक्रोमोलला ८८ने भागावे, म्हणजे आपल्या रिपोर्टमधील आकडा मिळतो.

रेंजच्या अडचणीवर एकच उपाय आहे. पोस्टिंगला जाण्यापूर्वी सर्व मजकूर उतरवून घ्यावा आणि महिन्यातून एकदा तालुक्याला गेल्यावर अद्ययावत करावा. सर्पदंश, विंचूदंश, विषबाधा, झटके आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव या प्रसंगांच्या मात्रा मात्र छापून कॅज्युअल्टीच्या भिंतीवरच लावाव्यात. अशा वेळी मोबाईलचे कुलूप उघडण्याइतकाही वेळ नसतो.

प्रश्न : माझ्या आईला नुकतेच एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले होते. तिथले शिकाऊ डॉक्टर औषध लिहिण्यापूर्वी मोबाईलमध्ये पाहत होते. त्यांना औषधे पाठ नसतात का? आम्हाला फार काळजी वाटली.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे; परंतु पाहून लिहिणारा डॉक्टर न पाहता लिहिणाऱ्यापेक्षा बहुधा अधिक सुरक्षित असतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच ३८४ औषधे आहेत, आणि प्रत्यक्ष वापरातील त्याहून कितीतरी अधिक. त्या साऱ्यांच्या मात्रा आणि परस्परपरिणाम कोणालाही तोंडपाठ नसतात. ब्रिटनमधील डॉक्टर १९४९पासून औषधांची पुस्तिका जवळ बाळगून ती उघडून पाहत आले आहेत. पुस्तक उघडले तर अभ्यासू आणि मोबाईल उघडला तर निष्काळजी, असा समज होतो, कारण मोबाईलवर समोरचा माणूस नेमके काय पाहतो आहे, हे आपल्याला दिसत नाही.

ही दरी मिटवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांची आहे. ‘आजी, तुमच्या बीपीच्या गोळीबरोबर ही नवी गोळी चालेल का, ते एकदा पडताळून घेते,’ एवढे एक वाक्य उच्चारले तरी नातेवाइकांच्या मनातील शंका जाते. आधी हिस्ट्री घ्यावी, रुग्णाला तपासावे, आणि मगच मोबाईल काढावा. रुग्ण बोलत असताना पडद्यावर बोट फिरवणे हा उद्धटपणाच आहे. केसपेपरचे किंवा रुग्णाचे छायाचित्र परवानगीशिवाय काढून गटावर पाठवणारा विद्यार्थी तर शिक्षेलाच पात्र आहे. आपणही नि:संकोच विचारावे, ‘डॉक्टर, काय पाहताय?’ ज्याला उत्तर देता येते, तो योग्य तेच पाहत असतो.

प्रश्न : सशुल्क ॲपच्या फुकट आवृत्त्या मित्रांच्या गटांवर मिळतात. त्या वापरल्या तर काय बिघडते? आणि चॅटबॉटला विचारलेले चालेल का?
— नर्सिंगची एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : चोरीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी अशा आवृत्तीतील मजकूर ती फोडली गेली त्या दिवशीच गोठलेला असतो, नंतर आलेल्या सूचना आणि मागे घेतलेल्या मात्रा तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मोबाईलमधील इतर माहितीला असलेला धोका निराळाच. रीतसर मोफत मिळणाऱ्या ॲपचा खर्चही कोणीतरी उचलत असतो, आणि तो पुष्कळदा औषध कंपन्यांच्या जाहिरातींतून निघतो, तेव्हा पडद्यावर आपणहून उगवलेल्या सूचनेकडे संशयानेच पाहावे.

चॅटबॉटला संकल्पना समजावून सांगायला जरूर सांगा, मात्रा विचारू नका. तो चुकीचा आकडाही त्याच आत्मविश्वासाने सांगतो, आणि तो कोणत्या आवृत्तीतून, कोणत्या देशातून आला हे तपासता येत नाही.

तुमच्या मोबाईलवर एक ॲप मात्र अवश्य असावे, आणि ते फारसे कोणाकडे नसते : औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारे, भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे. इंजेक्शननंतर अंगावर उठलेले चट्टे सर्वांत आधी तुम्हा परिचारिकांनाच दिसतात. त्याची नोंद परिचारिकाही करू शकतात, त्यासाठी वरिष्ठांच्या सहीची वाट पाहावी लागत नाही, आणि ॲप चालत नसेल तर १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर कळवता येते.