रोजगार किती, हे नंतर लिही

अगं पोरी,

पुण्याच्या वाढीत कोणाला वाटा मिळाला यावरच्या तुझ्या रिपोर्टचा आराखडा वाचला, मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर पुणे परिसरात गुंतवणूक किती आणि रोजगार किती हे टाकलंस ना, तिथेच मी अडखळलो. हा आकडा तुला कोणीही देईल, कंपन्या देतील, मंत्री तर न मागता देतील. तू बघायचं ते हे की या वाढीत ज्याला वाटा मिळाला म्हणतात त्याच्या हातात कागद कुठला आहे. नुसतं काम मिळून वाटा टिकत नाही गं, ज्यावर बोट ठेवून हक्क सांगता येतो असा कागद लागतो.

मगरपट्टा घे, शेतकऱ्यांनीच आपल्या जमिनीवर उभी केलेली हडपसरची टाउनशिप. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून जास्त जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्याने विकली नाही, स्वतःचीच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. त्यातल्या कित्येकांनी पुढे तिथलीच कंत्राटं घेतली. आता याच्या शेजारी गुंठामंत्री ठेव, ज्यांनी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली, गळ्यात साखळी आली, दारात गाडी आली, दोन-चार लग्नं दणक्यात झाली आणि पोरगा आता त्याच जमिनीवरच्या गेटवर सिक्युरिटीला उभा. लोक त्यांना हसतात, मला नाही हसू येत, एकरकमी चेक हातात देऊन निघून जायची पद्धत त्यांनी थोडीच काढली. पण मगरपट्ट्याचं कौतुक लिहिताना एक ओळ हीही टाक की शेअर जमिनीवर मिळाले, म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्या रोजंदारीवाल्याला त्या हिशोबात जागाच नव्हती.

त्याच्यासाठी उदाहरण दुसरं आहे, आणि ते पुण्यातलंच आहे. कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ला उभी राहिली, मग ओळखपत्रं आली, पालिकेनं ती मान्य केली. ऐकायला एवढंसं वाटतं, पण सकाळी पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला पोलीस चोर समजून हटकायचे, आता ती कार्ड दाखवू शकते यात सगळं आलं. पुढे याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, 2008 मध्ये पालिकेशी करार झाला, घरोघर कचरा घ्यायचा, घरामागे महिन्याला ठरलेली फी, आणि सुका माल विकायचा हक्क त्यांचाच. वर्गीकरणाच्या शेडमध्ये अर्धा दिवस बसून ये. दुधाची पिशवी वेगळी, जाड प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, आणि कशाला भंगारवाल्याकडे काय भाव हे त्यांना तोंडपाठ असतं. मोठ्या कंत्राटदाराला अख्खं काम दिलं तर हा माल पहिला जातो, म्हणून करार संपत आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. हमालांचंही तसंच, 1969 च्या माथाडी कायद्यानं मंडळं झाली, नोंदणी झाली, म्हणून पोती उचलणाऱ्याला पीएफ दिसला. त्यासाठी हमाल पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढावांसारखी माणसं किती वर्षं रस्त्यावर होती ते वाचून घे.

आता चाकण, पुण्याजवळचा कारखान्यांचा पट्टा. तिथं पोरांना भेटशील तेव्हा "नोकरी आहे का?" विचारू नकोस, सगळे हो म्हणतील. पगाराची स्लिप मागून बघ. काम मोठ्या कंपनीच्या लाईनवर, पण स्लिपवर नाव कॉन्ट्रॅक्टरचं. बेसिक बघ, कॅन्टीनचे आणि बसचे कापलेत का बघ, ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे, कापतात का बघ (महिना 21,000 पर्यंत पगाराला ती लागू असते, आणि कापतात पण कार्ड देत नाहीत असंही सापडेल). मग पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडायला सांग, मला सगळ्यात आवडणारा पुरावा तो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच, पण खाली आस्थापनांची नावं चार-पाच, मध्ये महिना-दीड महिन्याचे ब्रेक, जागा बदललेली नाही, गेट तेच, मशीन तेच, फक्त कॉन्ट्रॅक्टर बदलला आणि पोरगा परत नवीन. सरकारी आकड्यात हे चार रोजगार मोजले जात असतील तर मला नवल वाटणार नाही.

बायकांचं तू वेगळ्या चॅप्टरमध्ये टाकलंयस, ते काढ आणि प्रवासात घाल. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, कंपनीची बस हायवेच्या कोपऱ्यावर सोडते, तिथून खोलीपर्यंत अंधार. मेट्रो मार्च 2022 ला सुरू झाली खरी, पण चाकणला जात नाही. घरचे म्हणतात पहिलीच पाळी घे, आणि पाळ्या फिरत्या असतात, म्हणून पोरगी काही महिन्यांत काम सोडते. कंपनीच्या कागदावर मात्र "स्वेच्छेने राजीनामा".

स्किल ट्रेनिंगवर फार पानं घालवू नकोस, आयटीआय झालेली पोरंही वर्षानुवर्षं ट्रेनीच राहतात, अडचण तिथं नाही.

पुढच्या आठवड्यात पहिलं पान परत लिहून पाठव, आकडे खाली ने, वर तीन पासबुकं ठेव. फोटो काढताना नाव आणि यूएएन झाकून घे, आणि कुठल्या गेटबाहेर भेटलीस हेही लिहू नकोस, त्या पोराचा पुढचा ब्रेक तुझ्यामुळे लवकर यायला नको.

तुझा,
काका