जुना कोड, नवी भाषा आणि गडहिंग्लजची वेलांटी

या खेपेला आलेले चार प्रश्न एकाच गठ्ठ्यातले निघाले. सगळे फिरून हेच विचारतायत की आधी लिहिलेला कोड, आपला असो वा दुसऱ्याचा, परत वापरायचा असेल तर भाषा कुठली घ्यायची. म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ढकलले. पहिल्या प्रश्नाला जागा लई गेलीय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : सर, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना आम्ही वजनकाटा, गेटपास आणि बिलाचं सॉफ्टवेअर करून देतो. सगळं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये, खाली अॅक्सेसचा डेटाबेस. नवीन लागलेली पोरं म्हणतात हे टाकून द्या, रस्टमध्ये लिहूया. धाकटा भाऊ म्हणतो पायथॉन घे. आणि गिऱ्हाइकाला बिल आता मराठीत पाहिजे. काय करू?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दादा, पोरांवर चिडू नका, रस्ट चांगलीच भाषा आहे. पण आधी एक वही घ्या आणि तुमच्या सॉफ्टवेअरला काय काय लागतं ते लिहून काढा. काट्यावरनं वजन वाचणं, डेटाबेस, प्रिंटर, मराठी पीडीएफ, आणि तुम्ही इतकी वर्षं घासून बसवलेले रेटचे नि टॅक्सचे हिशेब. मग प्रत्येकापुढं लिहा की हे तयार कुठं मिळतं. ज्या भाषेत हातानं लिहायचं सगळ्यात कमी उरतं ती घ्यायची, वेग बिग नंतर बघू. २०१३ मध्ये मेयेरोविच आणि रॅबकिन या दोघांनी प्रोग्रामर लोक भाषा कशी निवडतात याचा अभ्यास छापला होता, त्यातही हेच दिसलं की तयार ओपन सोर्स लायब्ऱ्या (दुसऱ्यांनी लिहून सगळ्यांना खुला ठेवलेला कोड), आधीचा कोड आणि हाताची सवय यांचं वजन जास्त पडतं, भाषेच्या अंगच्या गुणांचं त्या मानानं कमी.

काटा तर सोपा. इंडिकेटर आरएस-२३२ च्या वायरीवरनं आकड्यांची ओळ सोडत असतो, ती सीरिअल पोर्टवरनं वाचायची. व्हीबी ६ मध्ये तुम्ही एमएसकॉम कंट्रोल टाकला असणार, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये सीरिअलपोर्ट क्लास आयता, पायथॉनला पायसीरिअल, नोडला (म्हणजे ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला) आहे, रस्टलापण आहे. इथं कुणीच मागं पडत नाही.

फरक पडतो तो हिशेबात. व्हीबी ६ आलं १९९८ ला, पुढं २००२ ला व्हीबी डॉट नेट आलं आणि जुना कोड त्यात जसाच्या तसा चालेना, लोकांनी मायक्रोसॉफ्टला मनसोक्त शिव्या घातल्या. नुसता नावापुरता वारस, दुसरं काय. व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट २००८ मध्ये संपला, पण रनटाइम (तयार प्रोग्राम चालवणारा भाग) विंडोज ११ वरपण चालतं, म्हणून तर तुमचं काम अजून थांबलेलं नाही. आता तुमचे हिशेब जर वेगळ्या अॅक्टिव्हएक्स डीएलएलमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलीत) असतील तर तुम्ही नशीबवान, डॉट नेटच्या सी शार्प भाषेतल्या प्रोजेक्टमध्ये रेफरन्स द्यायचा आणि तीच डीएलएल वापरायची, एक ओळ परत लिहायला नको. फक्त बिल्ड (कोडचा प्रोग्राम बनवणं) एक्स८६ ला, म्हणजे ३२ बिटला करा, कारण व्हीबी ६ ची डीएलएल ३२ बिटचीच असते, प्रोग्राम ६४ बिटमध्ये चालला की 'क्लास नॉट रजिस्टर्ड' म्हणून बोंब मारतो आणि माणूस विंडोजची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री चाळत बसतो, रजिस्ट्रीत सगळं बरोबरच असतं. पायथॉनमधनंपण हे जमतं, पण तुमच्या माणसांचा हात विंडोजच्या फॉर्मवर बसलाय, तो का वाया घालवायचा? सी शार्पच घ्या आणि एकेक खिडकी बदलत चला, जुनं नि नवं शेजारी शेजारी चालू दे.

हिशेब फॉर्मच्या बटणामागंच लिहिलेले असतील (बहुतेक तसंच असणार, त्या काळी सगळे तसंच लिहायचे) तर मात्र कुठलीच भाषा वाचवणार नाही. आधी व्हीबीमध्येच ते बटणामागनं काढून क्लासमध्ये टाका, जुन्या बिलांवर आकडे जुळतायत का बघा, मग पुढं.

आता मराठी बिल. इथं पुष्कळ जण आपटतात. गिऱ्हाईक गडहिंग्लजचं आहे असं धरा. कॉम्प्युटरच्या पोटात 'हिं' लिहिताना आधी ह, मग वेलांटी, मग अनुस्वार असतो, पण कागदावर वेलांटी ह च्या आधी यायला पाहिजे, आणि ग, हलन्त, ल मिळून ग्ल झाला पाहिजे. ही जुळणी करायला शेपिंग लागतं आणि कितीतरी पीडीएफ लायब्ऱ्या ते करतच नाहीत, अक्षरं पोटातल्या क्रमानंच एकापुढं एक मांडतात. मग वेलांटी ह च्या मागं लोंबते, ग चा पाय मोडलेला तसाच दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतंय आमच्या गावाची काय दशा केलीसा. हे काम करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळे तीच वापरतात. स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, आयुष्य जाईल. सोपा मार्ग सांगतो : बिल एचटीएमएलमध्ये तयार करा आणि क्रोमला हेडलेस (खिडकी न उघडता) चालवून त्याच्याकडनं पीडीएफ काढून घ्या. वेगळा प्रोग्रामच चालवायचा असल्यामुळं तुमची भाषा कुठलीपण असली तरी चालतंय. एवढ्या एका लायब्ररीसाठी अख्खी भाषा बदलायची गरज नसते, मध्ये एक फाइल किंवा कमांड ठेवली की भागतं. आणि पार्टीची नावं जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणा, नाहीतर वर सांगितलेलं सगळं फुकट.

प्रश्न : सर, आमचे लेक्चरर सांगतात पायथॉन स्लो आहे, आणि मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला पायथॉनच घ्या असंपण तेच सांगतात. खरं काय?
(इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : दोन्ही खरं. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम असतो ना, तो स्वतः कोयता चालवत नाही, टोळी लावून देतो, पायथॉन तसा आहे. तू नमपायमध्ये (पायथॉनची गणिताची लायब्ररी) मॅट्रिक्स सोडवायला दिलास की ते काम खाली लॅपॅक आणि ब्लास या गणिताच्या जुन्या लायब्ऱ्यांकडं जातं. लॅपॅक १९९२ चं, फोरट्रानमधलं, ब्लासची सुरुवात १९७९ ची, आणि फोरट्रान तर १९५७ पासून आहे. म्हणजे तुझ्या सरांच्यापण आधीचा कोड तुझ्या लॅपटॉपवर रोज राबतोय. स्वतः करून बघ, एक कोटी आकड्यांची बेरीज साध्या फॉर लूपनं कर आणि मग नमपायच्या समनं कर, वेळ मोज, लगेच कळेल.

पायथॉननं सी मधला कोड आत जोडायची सोय सुरुवातीपासनं सोपी ठेवली म्हणून हे जमलं. लोकांनी जुनं सगळं त्याला जोडत नेलं, आणि आता नवीन लायब्ररी लिहिणारा आधी पायथॉनसाठीच लिहितो कारण गिऱ्हाईक तिथंच आहे. ज्युलिया २०१२ मध्ये आली, वेगवान आहे, गणितासाठीच केलेली आहे, मला स्वतःला ती जास्त आवडते. पण तिलापण पायथॉनच्या लायब्ऱ्या वापरता याव्यात म्हणून पायकॉल नावाचं पॅकेज लिहावं लागलं. तेव्हा प्रोजेक्टला पायथॉनच घे.

प्रश्न : अँड्रॉइडसाठी जावा शिकू का कॉटलिन? जावा वाया जाईल का?
(इचलकरंजी)

उत्तर : कॉटलिन. गूगलनं २०१७ ला तिला अँड्रॉइडवर अधिकृत जागा दिली. जावा वाया जात नाही, कॉटलिनमधनं जावाच्या लायब्ऱ्या थेट वापरता येतात, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही फाइली राहतात. टाइपस्क्रिप्टनं २०१२ मध्ये जावास्क्रिप्टच्या बाबतीत हेच केलं, सी प्लस प्लसनं त्याच्याही आधी सी च्या बाबतीत. नवीन सून आली तरी स्वयंपाकघरातली भांडी तीच.

प्रश्न : मी नोडवर काम करतो. प्रत्येक बारक्या कामाला एनपीएमवर (नोडच्या पॅकेजेसच्या भांडारात) पॅकेज, म्हणजे तयार कोड मिळतो म्हणून तर ही भाषा घेतली. सीनिअर म्हणतो एवढी पॅकेजेस घालू नको. पण हजारो लोकांनी वापरून तपासलेला कोड माझ्यापेक्षा बराच की!
(कसबा बावडा)

उत्तर : भावा, सीनिअरचं ऐक, निदान निम्मं तरी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकानं भांडणातनं एनपीएमवरनं काढून टाकलं. काम काय, तर ओळीच्या डाव्या बाजूला जागा भरणं, ओळी जेमतेम अकरा. पण बेबेलसारखी मोठी मोठी टूल्स फिरून फिरून त्याच्यावर टेकलेली, त्यामुळं जगभरात लोकांचे बिल्ड धडाधड पडले, शेवटी एनपीएमनंच ते परत चढवलं. आता यात जावास्क्रिप्टचा दोष निम्मा असा की ही सोय भाषेत आधी नव्हतीच, पॅडस्टार्ट नंतर २०१७ च्या आवृत्तीत आलं. भाषेबरोबर येणारं सामान तोकडं असलं की माणूस बाहेरनं गोळा करतो, आणि पॅकेज टाकायची सोय एका कमांडची असली की हात थांबत नाही.

तपासलेला कोड म्हणजे निर्धास्त, असंपण समजू नकोस. एरियान ५ रॉकेट ४ जून १९९६ ला उडालं आणि ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. त्यात एरियान ४ वर चांगला चाललेला दिशामापनाचा कोड तसाच घेतला होता. नवीन रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा ६४ बिटमधनं १६ बिटमध्ये बदलताना ३२,७६७ च्या वर गेला आणि यंत्रणा बंद पडली, राखीव यंत्रणेतपण तोच कोड असल्यामुळं तीपण त्याच कारणानं पडली. आणि भाषा कुठली होती, तर एडा, अशा चुका होऊ नयेत म्हणून नावाजलेली! शिवाय जो हिशेब चालू होता त्याचा एरियान ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता, जुन्यात होता म्हणून राहिला होता.

तेव्हा तारखा, एनक्रिप्शन, युनिकोड असली कामं खुशाल दुसऱ्याची घे, डाव्या बाजूला जागा भरायचं काम स्वतः लिही. लॉकफाइल (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती ते लिहिलेली) गिटमध्ये टाकतोस ना? आणि गिऱ्हाइकाला सोर्स द्यायचा नसेल तर पॅकेजचं लायसन्स जीपीएल (सोर्सपण द्यायला लावणारं) आहे का ते घालायच्या आधीच बघ, नंतर काढायला गेलास तर अर्धा प्रोजेक्ट उसवावा लागतो.