बुंदीच्या उड्या आणि सासूबाईंचा गुडघा

प्रश्न : आमची लॅब्रॅडोर बुंदी साडेसहा महिन्यांची आहे, वजन १९ किलो. बेल वाजली की दाराकडे धावते आणि येईल त्याच्या अंगावर उड्या मारते. कचरा न्यायला येणाऱ्या ताई आता जिन्यातूनच हाक मारतात. मार्चमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या खोलीबाहेर यायला घाबरतात. आम्ही ओरडतो, ढकलतो, पण फरक नाही. माझे मिस्टर मात्र ऑफिसातून आले की तिला कवेत घेतात. शेजारचे काका म्हणतात, उडी मारली की छातीत गुडघा हाणा. हाणावा का? घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि आता १५ दिवसच उरलेत.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : गुडघा हाणू नका. वाढत्या वयाच्या पिल्लाला त्याने इजा होऊ शकते. शिवाय दारातून माणूस आला की दुखतं, एवढंच ती शिकेल. अशी भ्यायलेली कुत्री पुढे गुरगुरायला लागतात, आणि मग आजची उडी परवडली असं वाटतं.

बुंदी उद्धट नाही. पिल्लं मोठ्या कुत्र्याला भेटताना त्याचं तोंड चाटायला झेपावतात, तीच त्यांची भेटण्याची रीत. आपलं तोंड पाच फुटांवर, म्हणून ती उडी मारते. मग आपण काय करतो? दोन्ही हातांनी ढकलतो, तिच्याकडे बघतो, ‘बुंदी, नको, नको’ म्हणतो. हात लागला, नजर मिळाली, आवाज मिळाला. तिला हवं ते सगळं मिळालं.

आमचा खंड्या गावठी, वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. आई मंडईतून भाजी घेऊन जिना चढून आली आणि हा आनंदाने तिच्या अंगावर गेला. पायऱ्यांवर टोमॅटो घरंगळले आणि आईचं मनगट मोडलं. त्याला उडी मारल्यावर कुरवाळणारी मीच होते. म्हणून तुमच्या पत्रातली सासूबाईंची ओळ मी दोनदा वाचली.

सुरुवात मिस्टरांपासून करा. दिवसातून एकदा जरी उडीला मिठी मिळाली, तरी ती इतर दहा वेळा उडी मारून बघणारच. कधीतरीच फळ देणारी सवय सर्वांत चिवट असते. त्यांच्याकडून मिठी काढून घ्यायची नाही, फक्त जागा बदलायची. घरात आल्यावर त्यांनी बूट काढावेत, तिचे चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत थांबावं आणि मग खाली फरशीवर बसून हवे तेवढे लाड करावेत.

आता दाराचा सराव. चपलांच्या रॅकवर एका डबीत पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा. बुंदीला पट्टा लावा आणि तो तुमच्या हातात असू द्या. घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवायची. ती उसळेल, तेव्हा काही बोलू नका. पाय टेकले की त्याच क्षणी तुकडा तिच्या पंज्यांजवळ जमिनीवर ठेवा, हातातून वर धरून देऊ नका, नाहीतर ती वरच बघत राहील. मग दार उघडा. पाहुणा आत येताना ती उडाली, तर त्याने एक पाऊल मागे जायचं. खाली राहिली, तर पुढे यायचं. एका वेळी पाच-सहा बेला पुरे, दिवसातून दोनदा. शक्यतो सकाळी करा, संध्याकाळी नदीपात्रातल्या ढोलपथकांचा सराव सुरू झाला की तिचं लक्ष लागणार नाही.

चार-पाच दिवसांनी उड्या कदाचित वाढतील. घाबरू नका. नेहमीचं दार अडलं की आपणही आधी जोर लावतो, तसंच ते. नेमक्या त्याच वेळी कुणी वैतागून ढकललं, तर ती आणखी जोर लावायला शिकेल.

‘उडी मारली की पाठ फिरवा’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तुम्हाला चालेल, सासूबाईंना नाही. १९ किलोचं पिल्लू पाठीवर आलं तर ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचं काय होईल? त्या चालत असताना बुंदी पट्ट्यावरच हवी. त्यांच्यासाठी वेगळं करा. त्यांना हात असलेल्या खुर्चीत बसवा, बुंदीला पट्ट्याने चार हातांवर धरा. तिचे पाय खाली असले की सासूबाईंनी एक तुकडा तिच्या पलीकडे टाकायचा. ती वळून खायला जाईल. असं दहा-बारा वेळा झालं, की या आजींच्या अंगाशी न झेपावताही खाऊ मिळतो हे तिला कळेल. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची भीती ओसरायला मात्र जास्त दिवस लागतील. त्यांना घाई करू नका.

तिला सकाळी वीसेक मिनिटं रमतगमत, वास घेत फिरवा आणि चावायला काहीतरी द्या, या वयात दातांची शिवशिव असते.

१५ दिवसांत ती घरच्यांशी नीट वागू लागेल, आरतीच्या गर्दीत नाही. एवढी अपेक्षा तिच्यावर लादू नका. आरतीच्या वेळी तिला आतल्या खोलीत ठेवा, पंखा लावा, चावायचं खेळणं द्या आणि जवळ घरातलं एक माणूस बसू द्या. गर्दी ओसरली की पट्टा लावून एकेका पाहुण्याला भेटवा. प्रसादाची ताटं तिच्या तोंडाला लागणार नाहीत अशी उंच ठेवा, विशेषतः पंचखाद्याची. त्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. चुकून खाल्लेच, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.